अनुभव धागा: भलं करायला निघालेली आणि खलनायक झालेली ॲनिमेतली माणसं

आधीच सांगते, स्पॉइलर भरपूर आहेत, अगदी शेवटासकट. डेथ नोट, नारुतो, अटॅक ऑन टायटन, जुजुत्सु काइसेन, मादोका मागिका, डीमन स्लेअरचा इन्फिनिटी कॅसल यांपैकी काही पाहायचं राहिलं असेल तर ते आधी पाहा आणि मगच पुढे वाचा.

ड्रॅगन बॉलमधल्या फ्रीझासारखे पहिल्या दिवसापासून दुष्ट असलेले इथे नकोत. ज्याच्यासोबत आपण मनापासून चालत होतो, ज्याचं म्हणणं पटत होतं आणि जो आपल्या डोळ्यांदेखत बिघडला, असं पात्र सांगा. 'आवडता व्हिलन' एवढंच लिहून जाऊ नका. नेमक्या कुठल्या प्रसंगाला तुमचा हात त्याच्या हातातून सुटला? की सुटलाच नाही? तेवढं लिहा.

सुरुवात मीच करते. डेथ नोटमधला लाइट यागामी. ज्याचं नाव लिहावं तो मरतो अशी वही त्याला सापडते आणि तो गुन्हेगारांना मारू लागतो. बहुतेक जण म्हणतात, वहीत पहिलं नाव लिहिलं तिथेच तो संपला. मला तसं वाटत नाही. पहिला माणूस पाळणाघरात मुलांना ओलीस धरून बसलेला असतो. त्याचं नाव लिहिल्यावर लाइट घाबरतो, हादरतो. खरी फाटाफूट दुसऱ्या भागात आहे. टीव्हीवर लिंड एल. टेलर नावाचा माणूस येतो आणि किरा (लोकांनी या अज्ञात मारणाऱ्याला दिलेलं नाव) जे करतोय ते पाप आहे, एवढंच म्हणतो. त्याने काही गुन्हा केलाय हे लाइटला माहीत नसतं, तरी तो चवताळून त्याचं नाव लिहितो. न्यायासाठी हातात घेतलेली वही अपमानाचा सूड घ्यायला वापरली गेली, आणि तेही किती लवकर!

पण माझा हात सुटला तो चोविसाव्या भागात. मधले काही भाग लाइटला वहीची आठवण नसते. त्या काळात तो खरोखर चांगला मुलगा असतो. त्याच्यावर जीव टाकणाऱ्या मिसाशी जवळीक कर आणि तिच्याकडून माहिती काढ, असं किराचा माग काढणारा गुप्तहेर एल सुचवतो तेव्हा तो नकार देतो, कुणाच्या प्रेमाचा असा वापर करणं त्याला नीच वाटतं. मग हेलिकॉप्टरमध्ये वही हातात येते, तो किंचाळतो, सगळं आठवतं. घड्याळाची कळ चार वेळा ओढली की खालचा चोरकप्पा उघडतो, आत वहीचा कपटा असतो. सुई टोचून स्वतःच्या रक्ताने तो नुकत्याच पकडलेल्या हिगुचीचं नाव लिहितो, आणि शेजारी बसलेल्या एलला पत्ता लागत नाही. घटकाभरापूर्वीचा तो मुलगा कुठे गेला? हे दृश्य मी पुन्हा पाहते तेव्हा मला राग येत नाही, मला त्या मुलाचं वाईट वाटतं.

आता तुम्ही लिहा.

रातपाळी

सुगुरू गेतो. दुसरं नाव मनात येतच नाही.

मी परिचारिका आहे. जुजुत्सुचा दुसरा सीझन 2023 मध्ये आला आणि त्यातले पहिले पाच भाग मी ड्युटीवरून आल्यावर पाहिले. गेतो आणि गोजो शाळकरी असतानाची ती गोष्ट आहे. गोजो बेदरकार, आणि गेतो त्याला समजावणारा: आपल्या अंगात शक्ती आहे ती दुबळ्यांना सांभाळण्यासाठी. हे तो मनापासून बोलतो.

मग ज्या मुलीला सांभाळायचं काम या दोघांवर असतं त्या रिको आमानाईला तोजी हा भाडोत्री मारेकरी मारतो. गोजो तिचं शव हातांवर घेऊन उभा आहे आणि आजूबाजूला तिचं मरण हवं असलेला तो पंथ, साधी, हसऱ्या चेहऱ्यांची माणसं, तिच्या मरणावर टाळ्या वाजवताहेत. गोजो शांतपणे विचारतो, यांना मारून टाकू का? आणि गेतो नको म्हणतो, त्यात काही अर्थ नाही म्हणतो. लक्षात घ्या, थांबवणारा गेतो होता. त्याच वेळी त्याच्या आत काहीतरी तुटलं. पुढे अंघोळ करतानाही त्या टाळ्या त्याच्या कानात वाजत राहतात.

मला हे इतकं का भिडलं ते सांगते. मार्च 2020 मध्ये लोकांनी आमच्यासाठी गॅलरीत येऊन टाळ्या-थाळ्या वाजवल्या, तेव्हा मला भरून आलं होतं. पुढे काही आठवड्यांतच मी राहायचे त्या सोसायटीतून निरोप आला की लिफ्ट वापरू नका, आणि जमल्यास दुसरीकडे सोय बघा. तीच माणसं. वॉर्डात जाऊन त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी नाकाला ऑक्सिजन लावायचा आणि घरी येताना जिन्याने पाच मजले चढायचं. त्या दिवसांत मनात काय काय यायचं ते मी इथे लिहिणार नाही.

गेतो शापित आत्मे गिळतो, ते त्याचं काम. त्याची चव ओकारी पुसलेल्या फडक्यासारखी असते, आणि ती चव कुणालाच माहीत नसते, गोजोलासुद्धा नाही. धाकटा हायबारा, किती हसरा पोरगा, तोही कामगिरीवर मरतो. मग एका खेड्यात दोन लहान मुलींना पिंजऱ्यात कोंडलेलं त्याला दिसतं, आणि तो त्या गावातली 112 माणसं मारतो. नंतर स्वतःच्या आईवडिलांनाही.

त्या मुलींना सोडवलं तिथपर्यंत मी त्याच्यासोबत होते. आईवडिलांचं कळलं तिथे सुटले. पण त्याला कुणी वेळेवर विचारायला हवं होतं, बाबा रे, जेवलास का नीट, झोपतोस का? गोजो एवढंच म्हणतो की तू बारीक झालायस. गेतो म्हणतो, उन्हाळ्याने. आणि विषय तिथेच संपतो. तो संवाद मला फार लागतो.

पारिजात

@रातपाळी, तुमचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. मनापासून नमस्कार.

माझं पात्र मादोका मागिकामधली सायाका मिकी. 2011 ची बारा भागांची मालिका आहे. वरवर गुलाबी-निळे कपडे घातलेल्या जादूच्या मुली दिसतात म्हणून पुष्कळ जण हातच लावत नाहीत. लावा.

सायाकाला आवडणारा क्योसुके व्हायोलिन वाजवतो, अपघातात त्याचा हात निकामी होतो. तो हात बरा व्हावा म्हणून ती क्यूबेशी करार करते. क्यूबे हा एक इच्छा पुरी करून मुलींना चेटकिणींशी लढणाऱ्या जादूच्या मुली बनवणारा प्राणी. स्वतःसाठी काही मागत नाही. पुढे कळतं की करारात जीव शरीरातून काढून एका रत्नात ठेवलाय. आणि मग मैत्रीण हितोमी येऊन सांगते की मलाही क्योसुके आवडतो. याच हितोमीला सायाकाने आधी मरणातून वाचवलेलं असतं. त्या रात्री ती मादोकाजवळ रडत कबूल करते की क्षणभर वाटलं, तिला वाचवलं नसतं तर बरं झालं असतं.

माझ्या दृष्टीने सगळी मालिका त्या एका वाक्यात आहे. तिने अजून कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. फक्त मनात आलं. पण तिने स्वतःला इतक्या उंचावर बसवलं होतं की मनात येणंसुद्धा तिला माफ नव्हतं. आठव्या भागात ती चेटकीण होते, म्हणजे ज्यांच्याशी लढायला ती उभी राहिली होती त्यांच्यातलीच एक. चेटकीण झाल्यावरही तिच्या जगात वाद्यवृंद वाजत असतो. माझी धाकटी बहीण शेजारी बसून पाहत होती. ती उठून आत गेली आणि त्या दिवशी पुढचा भाग लावू दिला नाही.

घाटमाथा

इटाची चालेल का?

धागाकर्ती

@घाटमाथा, इटाचीची गोष्ट उलटी आहे. आपण त्याला आधी खलनायक समजतो आणि मग त्याचा हेतू कळतो. त्याच्यावर वेगळं लिहायला हवं. नारुतोमधूनच घ्यायचा असेल तर नागातो घ्या.

घाटमाथा

बरं, मग नागातोच. खरं तर त्याच्यावर लिहायचं कधीपासून मनात आहे.

पावसाचं गाव. मोठ्या देशांच्या लढाया याच्या अंगणात होतात, आणि कोनोहाचे निन्जा, म्हणजे आपल्या नायकाच्या गावचे लोक, चुकून याच्या आईबापांना मारतात. हे मुद्दाम लक्षात ठेवायचं, कारण तोवर आपण कोनोहाला 'आपलं' म्हणत असतो. याहिको आणि कोनान, ही दोघं त्याची भावंडंच म्हणा. जिराया तिघांना शिकवतो. याहिकोच्या पुढाकाराने तिघं अकात्सुकी उभी करतात, आणि तेव्हा ती शांतीसाठी काम करणारी संघटना असते! मग त्याच गावाचा म्होरक्या हान्झो कोनानला ओलीस धरतो आणि नागातोला म्हणतो, हिला वाचवायचं तर याहिकोला मार. नागातोच्या हातात कुनाई (निन्जांची सुरी) थरथरतेय आणि याहिको स्वतःच येऊन त्यावर झोकून देतो.

पुढचं माहीतच आहे. त्याच याहिकोच्या प्रेताला तो आपलं बाहुलं करतो आणि त्याच्या तोंडून जगाला सांगतो की दुःख भोगल्याशिवाय तुम्हाला शांती कळणार नाही. एका झटक्यात कोनोहा सपाट.

मला दरवेळी अश्वत्थामा आठवतो. बापाला कपटाने मारलं हे खरं, त्याचा संताप खरा. आणि रात्री छावणीत शिरून झोपलेली पोरं कापली, हेही खरं. दोन्हींतलं एकही दुसऱ्याला पुसत नाही. आमच्याकडे आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा भाऊ विचारायचा, मग बरोबर कोण? आजी उत्तर द्यायची नाही, पुढची गोष्ट सांगायची.

नागातो नारुतोला विचारतो, तू शांती कशी आणशील? आणि नारुतोकडे उत्तर नसतं. नायकाला निरुत्तर करण्याचं धाडस लेखकाने केलं, म्हणून किशिमोतोबद्दल मला आदर आहे. शेवटी नागातो मेलेल्यांना जिवंत करतो आणि स्वतः जातो. काहींना ते सोपं वाटतं. मला नाही वाटत. कोनोहाच्या लोकांना तो परत आणू शकला, याहिकोला नाही.

समुद्रपार

मी थोडा विरोधी सूर लावतो. नागातो, गेतो, सायाका या सगळ्यांवर आघात झाला आणि ते फिरले. एरेन येगरचं तसं नाही, आणि म्हणून तो मला जास्त हलवतो.

अटॅक ऑन टायटन 2013 मध्ये आलं तेव्हा मी कॉलेजात होतो, संपलं तेव्हा नोकरीनिमित्त परदेशात. दहा वर्षं एरेनसोबत काढली. भिंतीपलीकडे समुद्र आहे, आपण तो पाहायचा, एवढंच त्याचं स्वप्न. आपलंही तेच होऊन जातं.

सगळे बेसमेंटमधल्या, शत्रूपक्षातला जुना सोबती राइनर याच्यासोबतच्या प्रसंगाबद्दल बोलतात. तो उत्तम आहेच. पण माझा प्रसंग रामझीचा. एरेन शत्रूच्या देशात फिरतोय. निर्वासितांच्या वस्तीतलं हे पोर पाकीट मारताना पकडलं जातं आणि लोक त्याला मारतात. एरेन आधी पुढे निघून जातो, कारण हे पोर उद्या आपल्याच हातून मरणार आहे हे त्याला ठाऊक आहे. मग परत फिरतो आणि त्याला सोडवतो. एका गल्लीत त्याच्यासमोर कोसळून रडतो, माफी मागतो. पोराला काही उमजत नाही, ते नुसतं बघत राहतं. आणि तिथे एरेन जे बोलतो ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला: भिंतीपलीकडे माणसं राहतात हे कळलं तेव्हा माझी निराशा झाली. बालमित्र आर्मिनच्या पुस्तकातलं मोकळं जग त्याला हवं होतं, आणि त्यात माणसं निघाली.

म्हणजे पॅराडिसला, त्याच्या मायबेटाला, वाचवायचं हे खरं कारण होतंच, पण त्याखाली लहानपणापासूनचं हे दुसरं कारण बसलं होतं. स्वातंत्र्याचं तेच स्वप्न, ज्यासाठी आपण पहिल्या भागापासून टाळ्या पिटत आलो. तो बदललाच नाही. रम्बलिंगमध्ये, म्हणजे त्याने जगावर सोडलेल्या महाकाय टायटनांच्या पायांखाली, 80 टक्के माणसं मेली, त्यात रामझी आणि त्याचा भाऊ हालिलही.

माझा हात सुटला का? हो. त्याच्यावर प्रेम करणाऱ्या मिकासाने शेवटी त्याला मारलं ते बरोबर केलं असं मला वाटतं. ज्यांना 'एरेनचं बरोबरच होतं' वाटतं त्यांनी रामझीचा प्रसंग पुन्हा पाहावा ही विनंती.

धागाकर्ती

@समुद्रपार, आघाताने न फिरलेला म्हणून लाइटही तुमच्याच रांगेत बसेल. त्याला कसलंच दुःख नव्हतं, फक्त कंटाळा होता. बाकी सगळं पटलं.

चुलीपाशी

आमच्याकडे मुलगा बघतो म्हणून मी बघायला लागले. सप्टेंबर 2025 मध्ये इन्फिनिटी कॅसल इथल्या थिएटरांत लागला तेव्हा त्याच्यासोबत गेले. राक्षसांशी लढणाऱ्या रेंगोकूला मारणारा राक्षस आकाझा मला तोवर डोळ्यांसमोर नको होता.

मग त्याचं माणूसपण दाखवलं. हाकुजी नावाचा पोरगा, आजारी बापाच्या औषधासाठी खिसे कापतो, पकडला जातो, हातावर गुन्हेगाराचे पट्टे गोंदवले जातात. बाप गळफास घेतो आणि चिठ्ठीत लिहितो की सरळ मार्गाने जग. माझे वडील अंथरुणाला खिळून होते तेव्हा औषधाच्या दुकानात उभी राहून मीही मनात हिशेब केलेत. थिएटरात पदर डोळ्यांना लावला.

पुढे केइझो हा आखाड्याचा गुरू त्याला आसरा देतो, त्याच्या आजारी मुलीची, कोयुकीची, सेवा तो करतो, दोघांचं लग्न ठरतं. बापाच्या थडग्यावर ही गोड बातमी सांगायला तो जातो आणि तेवढ्यात शेजारच्या आखाड्याची माणसं विहिरीत विष कालवतात. केइझो आणि कोयुकी दोघंही जातात. मग हा नुसत्या हातांनी 67 जणांना मारतो. राक्षस त्यानंतर होतो.

राक्षस झाल्यावर सगळं विसरतो, पण लढताना पायाखाली जी नक्षी उमटते ती कोयुकीच्या केसांतल्या काट्यावरची आहे, आणि डावांची नावं आतषबाजीची, कारण दोघांनी ती एकत्र पाहायची ठरवली होती. हे मुलाने घरी येताना रिक्षात सांगितलं. बाईमाणसाला तो कधी मारत नाही हेही त्यानेच सांगितलं. रेंगोकूला मारल्याचा माझा राग गेलेला नाही. तरी हाकुजीसाठी मी रडले आणि त्याची मला लाज नाही.

जुनाजाणता

तुम्हा तरुण मंडळींच्या यादीत चार अझ्नाबल नाही म्हणून लिहितो. गंडममधला, 1979 पासूनचा. पहिल्या मालिकेत शत्रू, पण 1985 च्या झीटा गंडममध्ये तो क्वात्रो या नावाने आपल्या बाजूला असतो. पोरांना लढायला शिकवतो, पुढे होऊन मार खातो, आणि डाकारमध्ये सगळ्या जगासमोर उभा राहून सांगतो की ही धरती थकली आहे, तिला जपा. त्या भाषणाला माझा आजही पाठिंबा आहे.

कथेतल्या हिशेबाने सहा वर्षांनी, 1988 च्या चार्स काउंटरअटॅक चित्रपटात, तोच माणूस त्याच धरतीला विश्रांती मिळावी म्हणून तिच्यावर लघुग्रह टाकतो. पहिला ल्हासावर पडतो. आणि शेवटी कॉकपिटमध्ये जुना प्रतिस्पर्धी अमुरोशी भांडताना धरती, मानवजात सगळं मागे पडतं, आणि तो पहिल्या मालिकेत मेलेल्या लालाह या मुलीबद्दल बोलू लागतो, ती माझी आई होऊ शकली असती म्हणतो. एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञानाच्या तळाशी एक पोरकं पोर बसलेलं होतं.

फक्त तो चित्रपट पाहू नका. आधी झीटा पूर्ण पाहा, पन्नास भाग आहेत, मधले काही रेंगाळतात, तरी पाहा. डाकारचं भाषण ऐकलं नसेल तर ल्हासावरचा तो दगड नुसता दगड वाटेल.