निवेदन मुंबईला नको, इथेच द्या

वडोदऱ्यातले मराठी माध्यमाचे वर्ग वाचवायला महाराष्ट्र सरकारला निवेदन देऊन साकडं घालावं, असं आपल्यातले काही जण सुचवतात. भावना कळते, पण दार चुकतंय. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम ३५० क भाषिक अल्पसंख्याक मुलांच्या मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी त्या-त्या राज्यावर आणि तिथल्या स्थानिक संस्थांवर टाकतं. म्हणजे गुजरात सरकार आणि आपली महानगरपालिका. आपण इथले नागरिक आहोत, पाहुणे नव्हे!

शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने १९४९ मध्येच निकष घातला होता: शाळेत त्या भाषेची ४० किंवा एका वर्गात १० मुलं असली, तर निदान एक शिक्षक द्यावा. खरी मेहनत ती दहा नावं जमवण्याची आहे. मंडळाच्या लेटरहेडवर ठराव करून ती जमत नाहीत, घरोघरी जावं लागतं. इथल्या दांडिया बाजार भागात आमच्याकडच्या बायकांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवातच वही फिरवली. मुलाचं नाव, वय, पालकाची सही, बस्स. तिळगूळ हातात असताना मोकळेपणी बोलणं झालं. इंग्रजी माध्यमाचा हट्ट का, रिक्षाचा खर्च किती, सगळं निघालं. सभेत हे कोणी बोलत नाही.

ही नावं जोडून महानगरपालिकेकडे अर्ज करा आणि त्याची पोच शिक्का मारूनच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारा, शिवाय भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे तक्रार करता येते. आणि प्रवेशअर्जात, जनगणनेत मातृभाषेपुढे ‘मराठी’च लिहा. घरात मराठी बोलून कागदावर गुजराती लिहिणारी कुटुंबं कमी नाहीत.