धागा : पेनीवरची चूक टांकसाळीची की नंतरची?

१२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची अमेरिकन पेनी, म्हणजे एका सेंटचं नाणं, पडली. पण बरण्यांत, गाडीच्या कप्प्यांत त्या अजून खंडीभर पडून आहेत. तुम्ही खरी चूक कशी ओळखता, ते लिहा.

सुरुवात मीच करतो. १९५५ च्या प्रसिद्ध पेनीत मूळ साच्यावरच ठसा दोनदा, जरा सरकून उमटला. म्हणून साल आणि पुढच्या बाजूची अक्षरं नुसत्या डोळ्यांनीही दुहेरी दिसतात. माझ्याकडे त्याच सालची आहे, पण फक्त शेवटच्या पाचाला सावली असलेली. ती साचा झिजल्याची खूण. भिंगाखाली पाहा : खऱ्या दुहेरी ठशात दोन्ही अक्षरांना गोलसर उठाव असतो आणि टोकांना खाच दिसते. नाणं पाडताना साचा हलला असेल, तर नुसती चपटी पायरी दिसते.

डॅलस : १९८२ च्या पेन्या मी दोन दशांश दाखवणाऱ्या काट्यावर तोलते. तांब्याची ३.११ ग्रॅम भरते, जस्तावर तांब्याचा मुलामा दिलेली २.५. जस्तवालीच्या मुलाम्याखाली फोड येतात. ते अक्षराला चिकटून आले की हमखास दुहेरी ठसा वाटतो.

शिकागो : कड जाड, आत वळलेली, व्यास कमी : ही पेनी कपडे वाळवायच्या यंत्रात अडकून आपटत राहिलेली. आमच्या इमारतीतला ड्रायर दुरुस्तीला उघडला तेव्हा अशाच मूठभर निघाल्या.

सिअ‍ॅटल : झीज आधी पेनीवरच्या लिंकनच्या गालावर आणि जबड्यावर दिसते. गाल सपाट पण चकाकी शाबूत असेल, तर ठसाच कमजोर पडलाय.

डोंबिवली : आत्याने बॉस्टनहून १९४३ ची तांबूस पेनी आणली होती. त्या साली युद्धामुळे पेन्या पोलादाच्या होत्या, म्हणून आधी चुंबक लावला. चिकटली नाही. मग तीनचा आकडा भिंगाखाली धरला, तर डावीकडे तासल्याचे बारीक ओरखडे! १९४८ च्या आठाचा तीन केलेला.

न्यू जर्सी : कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा गेलेली असेल, तर बरोबर समोरची कड बघा. ठसा पडण्याआधीची कोरी चकती कापतानाच तुकडा गेला असेल तर समोरची कड पुसट उमटते. कानशीने घासलेल्या पेनीची समोरची कड ठणठणीत राहते.

१९८३ ची, मागच्या बाजूची अक्षरं दुहेरी असलेली पेनी कोणाकडे आहे का? जवळून काढलेला फोटो टाका.