होनोलुलूच्या घरात रात्री निघणारे पिवळट मुंगळे: वाळवी समजायची का?

ओआहूकर
जुनं, एकेरी फळ्यांच्या भिंतींचं घर. रात्री नऊनंतर ओट्यावर साधारण सेंटिमीटरभराचे पिवळट-तपकिरी मुंगळे फिरतात, पोटावर गडद पट्टे. दिवसा एक दिसेल तर शपथ. बेडरूमच्या दाराखाली भुसा पडतो. घरावर तंबू टाकून गॅस सोडावा लागेल का?

वारूळवाचक
वर्णन कॅम्पोनोटस व्हेरिगेटस या जातीच्या मुंगळ्याचं. तिकडे त्याला 'हवाईयन कारपेंटर अँट' म्हणतात, पण हवाई बेटांवर मूळची मुंगी एकही नाही, सगळ्या बाहेरून आलेल्या. हा आपल्याच बाजूचा, दक्षिण-आग्नेय आशियातला. शास्त्रीय वर्णन ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्मिथने 1858 मध्ये केलं. पोकळ लाकडात बिऱ्हाड थाटायची सवय, त्यामुळे मालासोबत समुद्रापार जाणं सोपं.

लाकूड तो खात नाही. वाळवीने पोखरलेल्या जागेत, पोकळ दारात, फळ्यांच्या सांध्यात राहतो. डंख नाही, पण चावतो. भुसा भिंगाखाली धरा: खसखशीएवढे, सहा कडांचे सारखे दाणे म्हणजे कोरड्या लाकडातली वाळवी. किड्यांचे पाय, डोकी नि लाकडाचा चुरा म्हणजे मुंगळे. पंखवाले दिसले तर कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मोठे असतील तर मुंगळा. वाळवीचे चारही पंख सारखे.

बोरिकभाऊ
तंबू तूर्त नको. संध्याकाळी आमिष म्हणून बोरेटचं (बोरिक अ‍ॅसिडच्या वर्गातलं मुंगीमार रसायन) गोड द्रावण ठेवा, मुंगळे ते पिऊन वारुळात नेतात. दुकानातलं लेबलवालं तयार औषध घ्या, घरी कालवायची गरज नाही. मुळात मात्रा मंद हवी: साखरपाण्यात बोरिक अ‍ॅसिड सुमारे 1 टक्का. जास्त झालं की मुंगळे तोंड लावत नाहीत किंवा वाटेतच मरतात, राणीपर्यंत काही पोचत नाही.

खरा घोळ स्प्रेने होतो. औषधाशेजारी फवारलंत तर ते तिकडे फिरकणारच नाहीत. ओटा पुसून ठेवा, नाहीतर सांडलेला गूळ जिंकतो. पाक आटला की बदला. आठवड्याने संपत नाही, तीन-चार आठवडे धरा. मुलं आणि मांजरांच्या हाती लागणार नाही असं ठेवा.

वारूळवाचक
वारूळ शोधायचं तर टॉर्चवर लाल कागद बांधा, लाल उजेड त्यांना फारसा दिसत नाही. परतणाऱ्यांच्या मागे जा. दारावर टिचकी मारली आणि खालून मुंगळे धावले तर पत्ता मिळाला. तिथे राणी असेलच असं नाही. एकाच वसाहतीची पोटबिऱ्हाडं दोन-तीन असतात, म्हणून फक्त दार बदलून भागत नाही.

ओआहूकर
भिंगातून पाहिलं. दाणे सहा कडांचेच, पण त्यात मुंग्यांची डोकीही! म्हणजे दोन्ही?

बोरिकभाऊ
दोन्ही असतील, पण जिवंत वाळवी आजही आहेच असं म्हणता येत नाही. मुंगळे जुनी भगदाडं साफ करताना वाळवीचे पूर्वीचे दाणेही बाहेर टाकतात. आधी मुंगळे संपवा. मग दाराखालचं झाडून पांढरा कागद पसरा, रोज बघा. नुसते दाणे पडत राहिले तर वाळवीचा माणूस बोलवा. तेव्हा तंबूचा विचार करा.