बटाटा-चीज बेक : दूध फाटू नये म्हणून

ताई, दूध फाटलं आणि बटाटे मधोमध कच्चे राहिले असं तुम्ही लिहिलंत. दोन्हीचं मूळ एकच, कच्च्या चकत्यांवर नुसतं दूध ओतणं. गणपतीत आमच्याकडे रत्नागिरीला वीसेक चाकरमानी जमतात, तेव्हा मी हे दरवर्षी करते.

अडीच किलो बटाट्यांच्या पातळ चकत्या मिठाच्या पाण्यात सात-आठ मिनिटं उकळा आणि फडक्यावर पसरून कोरड्या करा. हे अजिबात टाळू नका, पावसाळ्यात तर नाहीच! १०० ग्रॅम लोण्यात तेवढाच मैदा मंद परता, दीड लिटर दूध थोडं थोडं घालत घोटा. मैद्यामुळे दूध फाटत नाही. गॅस बंद करून मगच अर्धा किलो किसलेलं चीज घाला, उकळत्या सॉसमध्ये ते तेल सोडतं. साधं प्रोसेस्ड चीज छान एकजीव होतं, तार हवी तर वरून मोझरेला. मिरपूड, किंचित जायफळ. मीठ चाखूनच, चीज खारट असतं.

भांड्यात चकत्या आणि सॉसचे थर लावा. ओव्हन १८० अंशांवर, अर्धा तास झाकून, मग वीस मिनिटं उघडं. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नका, तरच वड्या नीट सुटतात.

वीज गेली तर? आजी धोंडस (काकडीचा कोकणी केक) करायची तसं जाड पातेलं मंद विस्तवावर ठेवून झाकणावर निखारे ठेवा. मी केलंय, वरचा थर ओव्हनपेक्षाही खमंग झाला होता.