शनिवारच्या बरण्या: भरण्याआधी हे वाचा

प्रेषक: मंडळाचा सहसचिव
प्रति: सर्व सदस्य
विषय: शनिवारी एकत्र बरण्या भरूया

सर्वांना सप्रेम नमस्कार,

सगळीकडे टंचाईचीच चर्चा आहे. मालवाहतूक चार दिवस अडली तरी दुकानातल्या फळ्या किती पटकन रिकाम्या होतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा घरात थोडी बेगमी असावी म्हणून मी गेल्या रविवारी १२ आणि काल रात्री ८ बरण्या भरल्या. हिरव्या शेंगा, गाजर, मक्याचे दाणे आणि शिजवलेले हरभरे.

कृती सोपी आहे. बरण्या उकळून घ्यायच्या, गरम भाजी आणि मीठपाणी भरायचं, झाकण लावून मोठ्या पातेल्यात तासभर उकळत ठेवायचं. बाहेर काढल्यावर थोड्या वेळात झाकण ‘टक्’ असा आवाज करून आत बसतं. बसलं की बरणी हवाबंद झाली, वर्षभर कपाटात ठेवा.

येत्या शनिवारी मंडळाच्या स्वयंपाकघरात सगळ्यांनी मिळून हे करू. कोण कोण येणार ते कळवा.

आपला,
सहसचिव

*

प्रेषक: काकू (साठवण गट)
प्रति: सर्व सदस्य
विषय: उत्तर: शनिवारी एकत्र बरण्या भरूया

अरे बाळा, आधी एक विनंती. त्या २० बरण्यांपैकी एकही उघडू नकोस, चवही बघू नकोस. आणि बाकीच्यांनी ही कृती घरी करून पाहू नका. मी २८ वर्षं खाद्यपदार्थांच्या तपासणीचं काम केलंय, म्हणून इतक्या ठामपणे लिहितेय. तुझा हेतू चांगला आहे, मेहनतही खूप घेतलीस, पण यात जिवावरचा धोका आहे.

तू ज्या ‘टक्’ आवाजावर भरवसा ठेवलास, मला काळजी त्याचीच वाटते. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत असतो, म्हणजे जमिनीत आलेल्या जवळजवळ कुठल्याही भाजीवर असू शकतो. त्याचे बीजाणू कवचात निजलेले असतात आणि १०० अंश सेल्सिअसला तास तास उकळले तरी टिकतात. उकळण्यानं बाकीचे जंतू मरतात, हे मात्र राहतात. मग तू झाकण बसवून आतली हवा घालवलीस. या जिवाणूला हवा नकोच असते. ओलावा आहे, आंबटपणा नाही, हवा नाही, वर कपाटातली ऊब, म्हणजे त्याला जागं व्हायला हवं ते सगळं आपणच बरणीत भरून दिलं. जागा झाला की तो विष तयार करतो. कधी झाकण फुगतं, पाणी गढुळतं, वास येतो. पण कधी यातलं काहीच होत नाही. बरणी काचेसारखी स्वच्छ दिसते, वास ताजा येतो आणि आत विष असतं. ‘वास घेऊन बघू, खराब असेल तर टाकू’ ही आपली रोजची रीत इथे उपयोगाची नाही.

सगळा निवाडा आंबटपणावर होतो. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. तो ४.६ च्या खाली असेल तर हा जिवाणू वाढत नाही. लिंबू, बहुतेक फळं, व्हिनेगरमधल्या भाज्या या रेषेच्या खाली असतात, म्हणून मुरांबे, जॅम आणि व्हिनेगरची लोणची नुसत्या उकळत्या पाण्यात केलेल्या बरणीत चालतात. शेंगा, गाजर, मका, बटाटा, सगळी कडधान्यं, मांस, मासे हे रेषेच्या बरेच वर आहेत. टोमॅटो तर नेमका काठावर. जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे तो कधी इकडे असतो, कधी तिकडे. म्हणून अर्ध्या लिटरच्या बरणीत एक मोठा चमचा बाटलीतला लिंबाचा रस घालायचाच. बाटलीतला एवढ्यासाठी, की त्याचा आंबटपणा ठरलेला असतो, ताज्या लिंबाचा फळागणिक बदलतो. आता शेंगांवर लिंबू पिळून भागेल का, असं कोणी विचारेल. नाही भागत. प्रत्येक शेंगेच्या गाभ्यापर्यंत पुरेसा आंबटपणा पोचायला हवा आणि त्याची प्रमाणं तपासून ठरवलेली असतात, अंदाजानं जमत नाहीत.

कमी आंबट जिन्नस बरणीत टिकवायचे तर ११६ ते १२१ अंशांपर्यंत तापवावे लागतात. तेवढं तापमान दाबाखालीच मिळतं आणि त्यासाठी बरण्यांचे खास दाबपात्र असते. आपला रोजचा कुकर त्याची जागा घेऊ शकत नाही. कुकर १२० च्या आसपास जातो हे खरं, पण तो लवकर तापतो आणि लवकर निवतो, शिट्टी झाली की दाब खालीवर होतो, आणि बरणीच्या अगदी मध्यावरचा दाणा किती वेळ किती तापला हे कोणी मोजलेलं नसतं. ‘पाच शिट्ट्या जास्त काढते’ हा यावरचा उपाय नाही. दाबपात्र असेल तरी त्या पदार्थासाठी, त्या आकाराच्या बरणीसाठी तपासलेली वेळच पाळायची. उंचावर राहणाऱ्यांसाठी ती वेगळी असते, कारण दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं.

याच कारणासाठी तेलात बुडवलेला कच्चा लसूण ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही. थोडाच करा, फ्रीजमध्ये ठेवा, ४ दिवसांत संपवा.

मग बेगमी करायचीच नाही का? करायची, अगदी मन लावून करायची. वाळवा, आंबवा, गोठवा. या तिन्ही वाटा जुन्या आहेत आणि घरच्या घरी नीट जमतात. सविस्तर संध्याकाळी लिहिते, आत्ता हे तातडीचं होतं.

तुमची काकू

*

प्रेषक: मंडळाचा सहसचिव
विषय: उत्तर: उत्तर: शनिवारी एकत्र बरण्या भरूया

काकू, वाचून हातपाय गार पडले. रविवारची हरभऱ्याची एक बरणी आम्ही परवा उघडली होती. उसळ केली, चांगली २० मिनिटं उकळली होती. मुलीनंही खाल्ली. आता काय करू? आणि बाकीच्या बरण्यांचं?

*

प्रेषक: काकू (साठवण गट)
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: शनिवारी एकत्र बरण्या भरूया

आधी हे ऐक, म्हणजे जीव थाऱ्यावर येईल. बीजाणू उकळण्याला दाद देत नाहीत, पण त्यांनी तयार केलेलं विष देतं. सगळा पदार्थ १० मिनिटं खळखळून उकळला तर ते नष्ट होतं. तुम्ही २० मिनिटं उकळलंत, म्हणजे धोका बराच कमी झाला. तरी आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून बरणीची सगळी हकिकत सांग आणि पुढचे काही दिवस घरातल्या सगळ्यांवर लक्ष ठेव. लक्षणं बहुतेकदा १२ ते ३६ तासांत दिसतात, क्वचित बऱ्याच दिवसांनी. एकाच्या दोन गोष्टी दिसणं, पापण्या जड होऊन खाली येणं, तोंड कोरडं पडणं, बोलणं अडखळणं, गिळायला त्रास, मग मानेपासून खाली अंगात अशक्तपणा. ताप सहसा नसतो. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नकोस, थेट रुग्णालयात जा. यावर प्रतिविष असतं आणि ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं.

काल रात्रीच्या ८ बरण्यांना अजून २४ तास झालेले नाहीत. त्यातला माल आत्ता लगेच गोठवायच्या डब्यांत काढ, वर दोन बोटं जागा सोड आणि फ्रीजरमध्ये टाक. काचेच्या बरण्या तशाच ठेवू नकोस, पाणी गोठताना फुगतं आणि काच तडकते.

रविवारच्या उरलेल्या ११ मात्र जायलाच हव्यात. न उघडता दोन पिशव्यांत घाल, तोंड घट्ट बांध आणि कुत्र्यामांजरांना मिळणार नाहीत अशा बेतानं कचऱ्यात दे. एखादी गळत असेल तर हातमोजे घाल, सांडलेल्यावर एक भाग ब्लीच आणि पाच भाग पाणी ओतून अर्धा तास राहू दे, मग पूस. इतक्या कष्टाचं अन्न टाकताना पोटात तुटतं, मला कळतं. तरी टाक.

*

प्रेषक: एक सदस्य
विषय: मग नेमकं किती आणि काय ठेवायचं?

काकू, नमस्कार. आमचं बाळ ८ महिन्यांचं आहे, घर लहान आहे. भीतीपोटी मी तांदूळ दुप्पट आणून ठेवले आणि आता त्यात टोके झालेत. कुठून सुरुवात करू?

*

प्रेषक: काकू (साठवण गट)
प्रति: सर्व सदस्य
विषय: उत्तर: मग नेमकं किती आणि काय ठेवायचं?

अगं, आधी हिशोब कर, म्हणजे घाबरून आणायची वेळ येणार नाही. एका मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम धान्य, १०० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि ३५ ग्रॅम तेल धरलं, तर साधारण २००० कॅलरी होतात. महिन्याचे झाले १२ किलो धान्य, ३ किलो डाळी-कडधान्यं आणि लिटरभराहून थोडं जास्त तेल. एवढं तर एका कपाटाच्या खालच्या खणात मावतं. ते एका दिवसात आणायचंही नाही. दर आठवड्याच्या वाणसामानात एक जिन्नस जास्त घ्यायचा. सगळ्यांनी एकाच दिवशी दुप्पट उचललं की जी टंचाई यायची नव्हती तीही येते, आणि मग ज्याला आठवड्याचंच परवडतं त्याच्या हाती काही लागत नाही. पाणी विसरू नकोस, माणशी दिवसाला ४ लिटर. बाळाचं दूध, खाणं, औषधं याचा हिशोब वेगळा काढ. आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत मध अजिबात देऊ नकोस, वर सांगितलेले बीजाणू मधातही असू शकतात.

टोके झालेले तांदूळ चाळून, निवडून वापरता येतील. पुढच्या वेळी तांदूळ, रवा, पीठ घरात आलं की घट्ट पिशवीत बांधून ४ दिवस फ्रीजरमध्ये ठेव. अंडी धान्याबरोबरच येतात, ती उणे १८ अंशांना मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पूर्ण दिवस ओट्यावर राहू दे, नाहीतर बाहेरची दमट हवा गार दाण्यांवर बसते आणि किडे गेले तरी बुरशी येते.

पांढरा तांदूळ कोरडा आणि हवाबंद असेल तर वर्षानुवर्षं टिकतो. हातसडीचा टिकत नाही, त्याच्या कोंड्यातलं तेल काही महिन्यांत खवट होतं. कणकेचंही तेच. गहू अख्खे ठेवा, पीठ थोडं थोडं आणा. तेलाला उजेड आणि ऊब सोसत नाही, गॅसशेजारी ठेवलेली बाटली आधी खवटते. कडधान्यांचं मला स्वतःला कळायला दोन वर्षं जावी लागली. मी चवळी आणि राजमा फ्रीजच्या वरच्या फळीवर ठेवले होते, तिथे मागची गरम हवा सतत लागायची. दोन वर्षांनी राजमा शिजायला टाकला, तीन तास झाले तरी दाणा दाताखाली खडखडीत. उष्णता आणि दमटपणानं कडधान्य असं निबर होतं. भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घातला तर थोडं नरमतं, पण खालच्या गार खणात ठेवणं हाच खरा उपाय.

वाळवणाचं सांगते, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. टोमॅटोच्या चकत्या ५५ ते ६० अंशांवर वाळवल्या. हाताला चामड्यासारख्या लागतात, म्हणून झालं असं वाटतं. पण एक चकती पूर्ण वाळलेली असते आणि शेजारचीच्या पोटात ओल असते. म्हणून आधी काचेच्या बरणीत दोन तृतीयांशच भरायच्या आणि आठवडाभर रोज हलवून उजेडात धरायच्या. एकदा तिसऱ्या दिवशी मला बरणीच्या आतून खांद्यापाशी दव दिसलं, अगदी बारीक, बोटानं पुसता येईल एवढं. थोडंसंच आहे म्हणून मी सोडून दिलं. दहाव्या दिवशी मधल्या चकत्यांवर राखाडी लव होती आणि तीन किलो टोमॅटो गेले. दव दिसलं की सगळं बाहेर, परत वाळवायला.

आंबवायला कोबीपासून सुरुवात करा. निवडून चिरलेल्या कोबीचं वजन करा आणि किलोला २० ग्रॅम मीठ. हे वजनानंच, चमच्यानं नाही, कारण बारीक आणि जाड मिठाचा चमचा सारखा भरत नाही. हातानं चांगलं चुरडलं की दहा मिनिटांत पाणी सुटतं. बरणीत दाबून भरा, कोबी त्याच पाण्याखाली बुडालेला राहायला हवा, वर वजन ठेवा आणि तोंडाला दादरा बांधा. २० अंशांच्या आसपास तीन-चार आठवड्यांत मुरतो. त्यात वाढणारे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू पीएच ४.६ च्या बराच खाली नेतात, म्हणून हा कोबी सुरक्षित आणि सहसचिवाच्या बरणीतल्या शेंगा नाहीत. मीठ कमी करू नका, त्याच्यामुळेच चांगल्या जिवाणूंना आघाडी मिळते. वर पांढरा पातळ पापुद्रा आला तर काढून टाका. रंगीत, केसाळ बुरशी आली तर सगळं फेका.

फ्रीजर भरलेला असेल आणि दार उघडलं नाही, तर वीज गेल्यावर साधारण ४८ तास गार राहतो, अर्धा भरलेला २४, आणि फ्रीज फक्त ४ तास. प्रवासाला जाताना पेल्यात पाणी गोठवून वर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं बुडालेलं दिसलं, तर मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलंय असं समजा.

एक राहिलं. कोरड्या साठ्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. मूठभर मूग किंवा हरभरे भिजवून मोड आणले की दोन-तीन दिवसांत ते तयार होतं, आणि त्याला ओट्यावरची वाटीभर जागा पुरते. लहान घराला हे फार सोयीचं. मोड आलेले मात्र शिजवूनच खा, बाळ आहे म्हणून विशेष सांगते.

*

प्रेषक: मंडळाचा सहसचिव
प्रति: सर्व सदस्य
विषय: शनिवारच्या कार्यक्रमात बदल

सर्वांना नमस्कार,

डॉक्टरांशी बोललो, त्यांनी घरातल्या सगळ्यांना तपासलं, अजून कोणाला काही नाही. पुढचे काही दिवस लक्ष ठेवणार आहोत. ११ बरण्या काल पिशव्यांत बांधून टाकल्या.

शनिवार कायम आहे, वेळही तीच. शेंगा-हरभरे नाहीत, कोबी आणि वाळवण करू. काकू येणार आहेत. प्रत्येकानं एक किलो कोबी, रुंद तोंडाची काचेची बरणी, बरणीत मावेल असं छोटं वजन आणि स्वच्छ फडकं आणावं. ज्यांच्याकडे ग्रॅमचा वजनकाटा आहे त्यांनी तो जरूर आणा, आमच्याकडे एकच आहे. आणि माझी पहिली मेल कोणी पुढे पाठवली असेल, तर ज्यांना पाठवली त्यांना काकूंचं उत्तर आजच पाठवा.

सहसचिव