पावसात प्रायमर कुठला मारू? (१/७२ सी हॅरियर, मुक्काम फोंडा)

फोंड्याचा_फावला
नमस्कार मंडळी. एअरफिक्सचं १/७२ (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) सी हॅरियर लढाऊ विमानाचं प्लास्टिक मॉडेल जोडून झालंय, पुट्टी झाली, घासून झालं, आता प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावर, गाडी अडलीय. हार्डवेअरच्या दुकानातला एक ग्रे स्प्रे जुन्या किटच्या पंखावर मारून बघितला तर पंख रव्यासारखा खरखरीत, वर ठिकठिकाणी पांढुरका. पाऊस तर थांबायचं नाव घेत नाही. माझ्याकडे ०.३ मिमी नोझलचा एअरब्रश (रंग फवारायचं पेन) आणि छोटा कंप्रेसर आहे, हात अजून बसलेला नाही. प्रायमर म्हणून टामियाचा स्प्रे कॅन मागवू, मिस्टर सरफेसर घेऊ की वॅलेहोचा पाण्यावरचा अ‍ॅक्रिलिक? बायकोचं म्हणणं घरात थिनरचा वास नको, आणि बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) मारायचं तर सगळा दमट वारा. चतुर्थीच्या आधी रंग उरकायचाय, मग पाहुणे सुरू.

वास्को_हँगर
भाऊ, तुझ्या पंखावर दोन वेगळे लोच्ये आहेत, एकत्र धरू नकोस. खरखर येते ती रंग प्लास्टिकवर पोचायच्या आधीच हवेत सुकतो म्हणून, म्हणजे लांबून मारलास. कॅन असेल तर १५ ते २० सेंटीमीटर, त्याहून लांब नको, आणि फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. पांढुरकं झालं ते दमटपणामुळे. थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि हवेतलं बाष्प ओल्या रंगातच अडकतं. गाड्या रंगवणारे म्हणूनच पावसाळ्यात स्लो थिनर किंवा रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) घालतात.

माझं मत विचारशील तर मिस्टर सरफेसर १५०० ग्रे, बाटलीतला, आणि सोबत त्यांचाच लेव्हलिंग थिनर. त्या थिनरमध्ये रिटार्डर असतोच, म्हणून आपल्याकडे तोच घ्यायचा, साधा नको. एका भागाला दीड ते दोन भाग थिनर, दुधाइतकं पातळ दिसलं पाहिजे, प्रेशर १५ पीएसआयच्या आसपास, ८-१० सेंटीमीटरवरून. पहिला हात नुसता भुरभुरता, प्लास्टिक दिसत राहिलं तरी चालेल, दुसरा किंचित ओला. आणि कंप्रेसरला मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा) आहे ना? नसेल तर प्रायमर नंतर, आधी तो घे. जुलैत होजमधून चक्क पाण्याचे थेंब येतात.

मडगावची_मिनी
हँगरदादांचं सगळं बरोबर, पण त्या माणसाच्या घरी वास नको म्हणतायत हो 😄 मिस्टर सरफेसर लॅकर, म्हणजे कडक थिनरवाला, तेव्हा वास आलाच, आणि नुसता वास नाही, कार्ट्रिजवाला ऑरगॅनिक व्हेपर मास्क लागतो, एन९५ ने धूळ अडते, वाफ अडत नाही.

मी वॅलेहोचा सरफेस प्रायमर वापरते, बाटलीतून सरळ कपात. ०.३ ला सुईच्या टोकाला सुकून बसतो, मध्येमध्ये ओल्या इअरबडने टोक पुसत राहायचं. दोन-तीन पातळ हात आणि मग २४ तास हात लावायचा नाही, आपल्याकडे पावसात मी दोन दिवस ठेवते. खोटं कशाला सांगू, तो घासता येत नाही, पॉलिश पेपर लावला की रबरासारखा सोलून येतो, आणि मास्किंग टेप ओढली की कधी कधी टेपबरोबरच निघतो. म्हणून आधी किट भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवायचं, बोटांचं तेल आणि मोल्डचा चिकटा जायला हवा. धुतलं की हातमोजे.

गॅरेज_म्हापसा
एवढे पैसे कशाला घालवता पात्रांव, गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून एनसी (नायट्रोसेल्युलोज) प्रायमर सरफेसर शंभर मिली मागून घ्या, मी रेझिनच्या पुतळ्यांवर तोच मारतो, दगड होतो अगदी.

वास्को_हँगर
रेझिनवर मार खुशाल. किटच्या प्लास्टिकवर, म्हणजे पॉलिस्टायरीनवर, एनसी थिनर जरा ओला पडला की प्लास्टिक मऊ होतं आणि १/७२ च्या पॅनल लाइनी (पत्र्यांच्या जोडांच्या कोरीव रेघा) बुजतात, त्या मुळातच केसाएवढ्या. मारायचाच तर आधी स्प्रूच्या (किटचे भाग ज्या चौकटीला असतात तिच्या) तुकड्यावर मारून बघ. आणि लोखंडी गेटचा रेड ऑक्साइड कोणी सुचवायच्या आत सांगतो, तो नको.

फोंड्याचा_फावला
मंडळी धन्यवाद! मॉइश्चर ट्रॅप नाही, आजच बघतो. टामियाच्या कॅनबद्दल कोणीच बोललं नाही? आणि एसीच्या खोलीत मारलं तर?

मडगावची_मिनी
टामियाचा फाइन सरफेस प्रायमर फिनिशला एक नंबर, पण तोही लॅकरच, वास तितकाच. स्प्रे कॅन विमानाने पाठवायला अडचण असते, त्यामुळे रस्त्याने यायला वेळ लागतो, चतुर्थीचा हिशोब त्यात धरा. आला तर मारण्याआधी कॅन कोमट पाण्यात ठेवा, कोमट म्हणजे कोमट, गॅसजवळ अजिबात नाही.

वास्को_हँगर
एसीच्या बंद खोलीत लॅकर कधीच नको, वाफ साचते आणि ती पेट घेते. मी असं करतो: मॉडेल, रंग, थिनर तासभर एसीच्या खोलीत ठेवतो, मग खिडकीला लावलेल्या एक्झॉस्टसमोर पटकन मारतो, आणि सुकायला झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. स्वस्तातला हायग्रोमीटर घे. ७० टक्क्यांच्या वर काटा असला तर त्या दिवशी लॅकर नाही, सरळ डीकल (मॉडेलवर लावायची चिन्हं) कापत बस. पांढुरकं आलंच तर घाबरू नकोस, नुसता लेव्हलिंग थिनर हलका फवारला की बहुतेक वेळा परत विरघळून साफ बसतं.

तिळारीपार
मला प्रश्न पडतो की साध्या प्लास्टिकला प्रायमर हवाच कशाला. मिस्टर कलरसारखे लॅकर रंग स्टायरीनला आपोआप धरतात.

वास्को_हँगर
धरतात, मान्य. पण याने पुट्टी लावलीय, पुट्टी आणि प्लास्टिक रंग वेगवेगळा पितात. शिवाय हॅरियरच्या पाठीवरचा जोड ग्रे प्रायमरखालीच दिसतो, नाहीतर डीकल लावल्यावर दिसणार आणि मग कपाळावर हात. फोंडेकर, प्रायमर ग्रेच घे. शेडसाठी नेटवरच्या फोटोंपेक्षा बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात चक्कर मार, तिथे खरं सी हॅरियर उभं आहे. भारतीय नौदलात १९८३ ते २०१६ सर्व्हिस, रंगसंगती मध्ये बदललीय, तेव्हा कुठल्या सालचं करायचंय ते आधी ठरव.

फोंड्याचा_फावला
ठरलं, बायको माहेरी जाते त्या रविवारी सरफेसर १५००, पाऊस उघडला तर. नाही उघडला तर वॅलेहो. कॅनोपी (कॉकपिटवरची काच) चिकटवून टेपने झाकलीय, तिच्यावरूनही हाच मारू ना?

मडगावची_मिनी
त्याच्याआधी फ्रेमवर कॉकपिटचा आतला रंग मारा, मग प्रायमर, मग बाहेरचा. नाहीतर काचेतून फ्रेमची आतली बाजू प्रायमरच्या रंगाची दिसते.