‘जमीनदारीण’ म्हटलं की नवरा कुठून येतो?

ओटी
आईसाठी एकोणिसाव्या शतकातल्या यॉर्कशायरच्या जमीनदार ॲन लिस्टरवरच्या बीबीसीच्या मालिकेची मराठी सबटायटल्स करते आहे. आई ७८ वर्षांची. इंग्रजी वाचते, पण यॉर्कशायरचं बोलणं तिला झेपत नाही. पहिल्याच भागात अडले. ॲन शिबडन हॉलची मालक, कारभारी आजारी म्हणून स्वतः कुळांकडून खंड गोळा करायला बसते. मी लिहिलं ‘जमीनदारीण’. आईने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “मग जमीनदार कुठाय? वारला का?” म्हटलं, अगं, जमीनदार हीच. “मग तसं लिही की. जमीनदारीण म्हणजे जमीनदाराची बायको.”

आमच्या गावच्या खोतीणकाकू आठवल्या आणि आईचं पटलं. खोती काकांची, काकू फक्त खोतीण. पण ॲन कुणाची बायको नाही, विधवा नाही, अज्ञान मुलाच्या नावाने कारभार बघणारी आईही नाही. १८२६मध्ये काका वारले आणि शिबडन तिच्याकडे आलं. तिला पुरुष नकोच होता, तिचं प्रेम बायकांवर. अशा बाईच्या नावामागे माझ्या एका प्रत्ययाने नवरा उभा केला, हे मला फार खटकतंय. पण नुसतं ‘जमीनदार’ लिहिलं तर डोळ्यांपुढे मिशा येतात. काय लिहू?

सातबारा
‘जमीनदार’च लिहा. ‘दार’ फारसी, म्हणजे धरणारा किंवा धरणारी. त्याला लिंग नाही. महसुलात ३१ वर्षं काढली. तहसीलदार बाई आल्या की शिपाईसुद्धा ‘तहसीलदार मॅडम आल्या’ म्हणायचा. ‘तहसीलदारीणबाई’ म्हणजे क्वार्टरमधल्या, साहेबांच्या मिसेस. खातेदार, आमदार, मतदार, कुणाला ‘ईण’ लागत नाही. क्रियापद सांगेल ना बाई की बुवा. ‘जमीनदार आली.’ झालं.

गीर्वाण
फारसी शेपूट सोडवत नाही म्हणून हा घोळ. ‘भूस्वामिनी’ हा स्वच्छ शब्द आहे. स्वामिनी म्हणजे स्वतः सत्ता चालवणारी. आपल्या भाषेत सोय असताना ‘जमीनदार आली’ असं कानाला टोचणारं का लिहायचं?

ओटी
गीर्वाण, निवेदनात चालेल कदाचित. पण कोळशाच्या खाणीतून वर आलेला, नखांत काळं भरलेला माणूस मालकिणीबद्दल ‘भूस्वामिनी’ कसा म्हणेल?

पाडेली
माझं मूळ मडगावजवळचं. आमच्याकडे भाटकार म्हणजे माडांच्या बागेचा, भाटाचा मालक आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारा. आजोबा लवकर गेले, भाट आजीने सांभाळलं. पाडपाच्या दिवशी ती माडाखाली छत्री घेऊन उभी राहायची. पाडेली वरून नारळ टाकायचा, आजी मोठ्याने मोजायची, आणि मोजणीत चूक काढायची कुणाची छाती नव्हती. तिला ‘भाटकारीण’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. सगळे ‘बाय’ म्हणायचे. गडी-माणसांच्या तोंडी नाम शोधूच नका, हाक शोधा. ‘बाईसाहेब’ घाला, अडचण निम्मी संपते.

उलटतपासणी
‘ईण म्हणजे बायको’ हा नियम कुणी केला? मैत्रीण ही मित्राची बायको आहे का? सुईण कुणाची बायको? वैरीण? पाटलीण, खोतीण, सावकारीण यांत नवरा येतो, कारण ती पदं पुरुषांकडे होती आणि बाईकडे पदाची फक्त सावली आली. दोष इतिहासाचा आहे. आज आपण ‘जमीनदारीण’ हा शब्द मालक बाईसाठी वापरायला लागलो तर २० वर्षांत तोच अर्थ रुळेल. मास्तरीण पूर्वी मास्तरांची बायकोही होती. आता कोण म्हणतं तसं?

सातबारा
आमच्या तालुक्यात अजून म्हणतात. आणि इंग्लंडातही हीच गाठ होती. बाईने लग्न केलं की तिची मिळकत नवऱ्याच्या ताब्यात जायची. ते बदलणारा मोठा कायदा १८८२चा. ॲन १८४०मध्येच गेली. म्हणजे तिच्या काळात जमीन स्वतःच्या हातात ठेवायची तर नवरा नसणंच सोयीचं. आणखी एक. १८३२च्या मतदान-सुधारणेच्या कायद्यानंतर परगण्यात वर्षाला ५० पौंड खंड भरणाऱ्या पुरुष कुळाला मत मिळालं. त्यांच्या मालकिणीला नाही. कुळांनी मत कुणाला द्यावं यासाठी ती दबाव आणायची, पण स्वतः जमीनदार असून मतदार नव्हती.

मधलीआळी
‘मैत्रीण’ शब्द निघालाच आहे तर विचारते. लिस्टरबरोबर संसार करणाऱ्या ॲन वॉकरला काय म्हणणार? मैत्रीण म्हटलं तर आपल्याकडे सगळं त्या शब्दाखाली झाकलं जातं. मी नागपूरची, सध्या लीड्सला असते. यॉर्कच्या गुडरमगेटमधल्या होली ट्रिनिटी चर्चला दोनदा जाऊन आले. आत दारांची लाकडी खोकी असलेली जुनी बाकं आहेत, जमीन खालीवर झालेली. १८३४च्या ईस्टरला दोघींनी तिथे एकत्र प्रसाद घेतला आणि आपलं नातं देवापुढे पक्कं झालं असं मानलं.

२०१८मध्ये तिथे फलक लागला. त्यावर ॲनचं वर्णन होतं ‘लिंगभावाच्या चौकटीत न बसणारी उद्योजिका’, म्हणजे तशा अर्थाचं इंग्रजी. लोक चिडले. सह्यांची मोहीम झाली आणि २०१९मध्ये नवा फलक आला. त्यावर स्पष्ट ‘लेस्बियन’ आणि ‘रोजनिशीकार’. एका शब्दासाठी फलक बदलला. त्यापुढे उभी राहून मी रडले. म्हणून म्हणते, ‘मैत्रीण’ लिहू नका.

गीर्वाण
मग ‘समलिंगी सहचरी’. दोन्ही शब्द मराठीत आहेत.

मधलीआळी
‘समलिंगी’ हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला तो गुन्ह्याच्या बातमीत. तेरा वर्षांची होते. पेपर घडी करून गादीखाली ठेवला होता. पुढे घरी सांगायची वेळ आली तेव्हा तो शब्द तोंडातून निघाला नाही. मी म्हणाले, “आई, मला बायका आवडतात.” तिला एका वाक्यात कळलं. ॲननेही रोजनिशीत असंच साधं लिहिलंय, की माझं प्रेम फक्त बायकांवर, दुसरं कुठलं प्रेम माझ्या मनाला सोसत नाही.

उलटतपासणी
‘जोडीदार’ घ्या की. त्यातही ‘दार’ आहे, सातबारा म्हणतात तसं लिंगाशिवाय. ‘जमीनदार ॲन लिस्टर आणि तिची जोडीदार ॲन वॉकर.’ माझा ‘ईण’चा हट्ट या वाक्यापुरता मागे घेतो. ‘जोडीदारीण’ लिहिणाऱ्यांना माझा विरोध.

पाडेली
रोजनिशीतले उतारे पुढच्या भागांत येणार असतील तर सांभाळा. सुमारे ५० लाख शब्दांची ती रोजनिशी, त्यातला साधारण सहावा हिस्सा ग्रीक अक्षरं आणि बीजगणिताची चिन्हं मिसळून केलेल्या गुप्त लिपीत. तिथे ‘किस’ म्हणजे मुका नव्हे, शरीरसंबंध. ‘चुंबन’ लिहिलंत तर अर्थच गेला.

ओटी
हे माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. आणि गावाने ठेवलेलं ‘जंटलमन जॅक’ हे नाव? ‘मर्दानी’ लिहून खोडलं. आपल्याकडे तो शब्द पोवाड्यातला, कौतुकाचा. तिला तर लोक रस्त्यात टोचायला हे म्हणायचे.

सातबारा
सातारकडे ‘बाप्या’ म्हणतील. त्यात टोचणी बरोबर उतरते. पण मला मूळ पोस्टमधलं दुसरंच खुपतंय. ‘खंड’ कसा लिहिलात? खंड वर्षाचा ठरलेला, धान्य किंवा रोख. घराचं ते भाडं. शिबडनच्या कुळांकडे शेतंही होती, घरंही होती. शिवाय कोकणात तर अर्धेल, तिर्धेल, म्हणजे पिकाचा अर्धा किंवा तिसरा वाटा.

ओटी
आईला विचारलं. ती म्हणते, आमच्याकडे अर्धेलच. भात झोडून झालं की खोतांचा माणूस खळ्यावर यायचा, पायलीने दोन राशी करायचा, आणि खोतांची रास आधी झाकली जायची. पाऊस आला तर आमची भिजायची. हे सांगून झाल्यावर तिने मालिका तिथेच थांबवायला लावली आणि ॲनच्या टेबलावरची नाणी बघत विचारलं, “हिने कुणाला सूट दिली का गं कधी?”

सातबारा
सूट की तहकुबी? दोन्हींत फरक आहे. सूट म्हणजे माफी, तहकुबी म्हणजे नुसतं पुढे ढकलणं.